माथा बंद, खालची वाट चालू

आमच्या टेकडीवर रिकाम्या हातानं चढणाऱ्याला आम्ही माणसात धरत नसू. टेकडी वनखात्याची, शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या अलीकडे. पायथ्याशी एक निळा ड्रम, त्यात पाणी, आणि शेजारी कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांचा ढीग. सकाळी फिरायला आलेल्यानं एक बाटली भरून वर न्यायची, एखाद्या रोपाच्या आळ्यात ओतायची आणि उतरताना रिकामी बाटली परत ढिगात टाकायची, असा इथला रिवाज. पावसाळ्यात रोपं लावायची आणि उरलेलं वर्ष ती बाटल्यांनी जगवायची. कुणी हात हलवत चढताना दिसला की मी हटकायचे, "व्यायामाला आलात ना? मग थोडं वजन फुकट देतोय आम्ही, घ्या की." बहुतेक जण हसून बाटली उचलायचे. न हसणारेही उचलायचे, कारण माझा चेहरा तेव्हा फारसा हसरा नसायचा.

माणसांना नाही म्हणायची मला जुनी सवय आहे. माझं औषधांचं दुकान होतं. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर गोळी मिळणार नाही, मग समोर शेजारी असो की नात्यातला. काउंटरच्या आतल्या बाजूनं नियम फार सोपा दिसतो. बाहेर उभं राहून "नाही" ऐकायची वेळ माझ्यावर क्वचितच आली होती, आणि आली तेव्हा मी टेकडी डोक्यावर घेतली.

या टेकडीची सवय मला नवऱ्यानं लावली. तो एक्स-रे काढायचा. त्याचा सगळा दिवस बंद, अंधाऱ्या खोलीत जायचा, म्हणून सकाळ तरी उघड्यावर गेली पाहिजे असा त्याचा हट्ट असे. मी कुरकुरत मागून चढायचे. वर पोचले की तो माथ्यावर एका ठरलेल्या जागी उभा असायचा. आजारपणात तो टेकडीला मुकला, आणि मग आम्ही त्याला मुकलो. तो गेला त्याच पावसाळ्यात मी त्या जागी कडुलिंब लावला. इतरांची रोपं मुरमाड जमिनीत कशीबशी तग धरून होती, पण आमचा कडुलिंब तीन वर्षांत माझ्या डोक्याच्या वर गेला. जाईल नाही तर काय. मी दोन्ही हातांत बाटल्या घेऊन चढत होते.

मुलगा बंगळुरूला असतो. वडील गेल्यावर त्यानं सगळं रीतसर केलं, पण त्यांच्याबद्दल बोलणं मात्र टाळलं. मी विषय काढला की त्याला मीटिंग आठवायची. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि ठेवण्याआधी एक प्रश्न ठरलेला असायचा, "झाडाला पाणी घातलंस?" मी म्हणायचे, "घातलं." वडिलांबद्दल आमचं बोलणं ते एवढंच. त्यामुळे तो कडुलिंब माझ्यासाठी नुसतं झाड राहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारी संपताना एका सकाळी वाटेवर पाटी दिसली. जिथून एक वाट माथ्याकडे जाते आणि दुसरी टेकडीच्या कमरेनं वळसा घालते, त्या फाट्यावर ती ठोकली होती. पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्यामुळे मार्च ते जुलै माथ्यावर प्रवेश बंद, असं तीत लिहिलं होतं. सगळे पाटीभोवती जमले. पळायला येणारे म्हणाले, आमचा सराव बुडणार. सायकल घेऊन चढणारी पोरं म्हणाली, माथ्यासारखी सपाट जागा दुसरीकडे कुठं आहे? मी म्हटलं, "आणि एप्रिल-मेमध्ये झाडांना पाणी कोण घालणार? हे पक्षी?"

आमच्या पाणीवाल्या मंडळींचे म्होरके म्हणजे एक निवृत्त गार्ड. मनमाडला उभा जन्म रेल्वेत काढून ते नाशिकला मुलीजवळ राहायला आले होते. माझ्या नवऱ्याशी त्यांची टेकडीवरच दोस्ती झाली, तेव्हापासून ते मला वहिनी म्हणतात. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "वहिनी, सरकारी बोर्ड हे. आपण तरी कसं डावलणार?" मी म्हटलं, "मी डावलते, तुम्ही बघा." आणि बाटल्या घेऊन वर गेले. माझ्यामागून बाकीचेही आले. पुढचे काही आठवडे आम्ही पाटीकडे न बघता रोज चढत राहिलो.

शेवटी पाडव्याच्या सुमारास वनखात्याच्या नव्या अधिकारी बाई स्वतः ड्रमापाशी येऊन थांबल्या. बाई कसल्या, मुलगीच होती, माझ्या मुलापेक्षाही लहान. मूळची सटाण्याकडची. दंड करायला आली असेल असं वाटून मी पदर खोचूनच पुढे झाले. म्हणजे अंगात ट्रॅकसूट होता, पण आविर्भाव तोच.

"ही टेकडी उघडीबोडकी होती, मॅडम. आम्ही हिरवी केली. आता आयती तयार झाली तर आम्हालाच बंद?"

"काकू, उतारावरची झाडं फार छान वाढलीयत. त्यांना हात नाही लावायचा. मी फक्त माथ्याबद्दल बोलतेय. माथा उघडाबोडका कधीच नव्हता. तो माळ होता."

"माळ म्हणजे उघडंबोडकंच ना?"

"नाही. तिथं राहणारे आहेत."

"कोण? बिबट्या?" मागून कुणीतरी विचारलं. बिबट्या म्हणाली असती तर सगळे गपगुमान घरी गेले असते. नाशिककरांना बिबट्या समजावून सांगावा लागत नाही. पण ती म्हणाली, "धाविक." आमच्यात धाविक कुणीच पाहिला नव्हता. जमिनीवर अंडी घालणारा लहानसा पक्षी, ती सांगू लागली, आणि मागे हशा पिकला. मीही हसले. एवढ्याशा पाखरासाठी एवढ्या माणसांची टेकडी बंद, हे ऐकायलाही चमत्कारिक वाटत होतं.

ती चिडली असावी, पण तिनं दाखवलं नाही. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती मला म्हणाली, "उद्या उजाडताना माझ्याबरोबर चला. एकदा पाहा, मग काय ते बोला." मी गार्डसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जाऊन तर बघू. बघायला काय जातंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं माथ्याच्या कडेला, एका खडकामागे बसलो होतो. समोर द्राक्षबागेत लावतात तसली हिरवी जाळी ताणलेली. बसायला गोणपाट. रोज ज्या माथ्यावरून मी ताडताड चालत जायचे, तो असा बसून मी कधी पाहिलाच नव्हता. बराच वेळ मला दगड आणि वाळकं गवत सोडून काही दिसेना. मग एक दगड पळाला.

मला खरोखर तसंच वाटलं. मातकट रंगाचा, उंच पायांचा पक्षी चार पावलं तुरुतुरु पळाला, ताठ उभा राहिला, वाकून काहीतरी टिपलं आणि पुन्हा पळाला. डोळ्यावरून मागे गेलेली काळी-पांढरी रेघ, कुणी काजळ घालून डोळा लांबवावा तशी. अधिकारी मुलीनं दुर्बीण माझ्या हातात दिली आणि बोटानं दाखवलं. त्याच्या मागून दोन पिल्लं चालली होती. मुरुमाच्या खड्यांना पाय फुटावेत, एवढाच त्यांचा जीव. ती थांबली की नाहीशी व्हायची आणि हलली की पुन्हा दिसायची. गार्डसाहेब हळूच म्हणाले, "आयला, लय भारी." माझ्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं होतं, कारण त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

आमच्या कडुलिंबावर कावळा बसला होता. मी त्याला आधीच पाहिलं होतं, पण कावळा काय, कुठंही असतोच. तो शेंड्यावरून मान तिरकी करून खाली बघत होता. मग तो अलगद उतरला, जणू आपल्याच घरच्या ताटावर बसावा, आणि उडाला तेव्हा त्याच्या चोचीत एक पिल्लू होतं.

मी काय केलं ते मला गार्डसाहेबांनी नंतर सांगितलं. मी जाळी बाजूला सारून उठले आणि "हाड! हाड!" असं ओरडत कावळ्यामागे धावले. साठी उलटलेली बाई, हातात दुसऱ्याची दुर्बीण. टिटव्यांनी आकांत मांडला, मोठा धाविक उडून लांब गेला, कावळा तर केव्हाच उतारापलीकडे पोचला होता. मागून अधिकारी मुलीची हाक आली, "काकू, पाय! पाय हलवू नका!"

मी एक पाय उचललेला तसाच धरून उभी राहिले. ती धावत आली, गुडघ्यावर बसली आणि माझ्या बुटासमोरच्या जमिनीकडे बोट केलं. दुसरं पिल्लू तिथं होतं. मान जमिनीला टेकवून, डोळे उघडे ठेवून, अगदी गप्प. एवढं सगळं होऊनही ते पळालं नव्हतं, कारण गप्प बसण्यापलीकडे त्याला काही येतच नव्हतं. तिनं माझा पाय दोन्ही हातांनी धरून मागे ठेवला. मला रडू फुटलं. कशाचं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

खाली उतरताना तिनं मला एका शब्दानंही टोचलं नाही. तिच्या आईचा फोन आला तेव्हा फक्त म्हणाली, "माय, मी डोंगरवर शे. नंतर फोन करस." मला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मग माझं मलाच सगळं कळत गेलं. माळावर बसायला उंच जागा नसते, त्यामुळे कावळ्याला अंडी-पिल्लं सहजी दिसत नाहीत. आम्ही झाडं लावून त्याला जागोजागी खुर्च्या मांडून दिल्या होत्या. त्यातली सगळ्यांत उंच खुर्ची माझी होती.

आमच्यासारखी चूक आमच्यासारखीच माणसं करू जाणोत. डोंगर पेटवणारा, दारूच्या बाटल्या फोडणारा, त्याला आम्ही हाकलून दिलं असतं. आम्ही तर पाणी घेऊन चढत होतो. वाईट वाटायचं ते याचं, की आमच्यातल्या कुणाच्याही मनात खोट नव्हती.

अधिकारी मुलीचं म्हणणं आता आणखी पुढे गेलं होतं. पाच महिने माथा बंद ठेवायचा, आणि पावसाळ्यात माथ्यावरची सगळी झाडं मुळासकट काढून पायथ्याशी लावायची. तिनं घरी येऊन ते मला एकटीला सांगितलं. म्हणाली, "काकू, तुम्ही हो म्हटलात तर बाकीचे ऐकतील. त्या झाडाचं मला गार्डकाकांनी सांगितलंय. मी जबरदस्ती करणार नाही." मी म्हटलं, "कर की जबरदस्ती. सोपं होईल." मी दार लावून घेतलं.

त्या रविवारी मुलाचा फोन आला. "झाडाला पाणी घातलंस?" मी म्हटलं, "घातलं." घातलं नव्हतं. फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसले. आमच्या बाल्कनीसमोर आता दुसरी इमारत आहे, पलीकडचं स्वयंपाकघर दिसतं. नवरा कधी तिथं बसायचा नाही. मी एकदा त्याला विचारलं होतं, रोज त्या माथ्यावर उभा राहून बघतोस तरी काय? तो म्हणाला होता, "काहीच नाही. इथं डोळ्यांना काही आडवं येत नाही, म्हणून उभा राहतो."

आणि मी नेमकं तिथंच झाड लावलं होतं. त्याच्या जागेवर, त्याच्या डोळ्यांसमोर, डोक्याच्या उंचीचं. तीन वर्षं पाणी घालून वाढवलं होतं. मला आधी हसू आलं, मग फार राग आला, मग मी त्याला मोठ्यानं म्हटलं, "सांगायचंस तरी!" समोरच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी वळून पाहिलं.

तरीही झाड काढा म्हणणं सोपं नव्हतं. मी आणखी आठवडाभर घुश्शात काढला. टेकडीकडे फिरकले नाही. मग गार्डसाहेबांनी पायथ्याच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना बोलावलं. पळणारे, सायकलवाले, पाणीवाले, सगळे आले. माथ्यावर कुणाचं नातवाच्या वाढदिवसाचं झाड होतं, कुणाचं आईच्या नावाचं. जो तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आधी माझा कडुलिंब काढा." माझा आवाज फाटला, पण शब्द नीट उमटले. मग नातवाच्या झाडाचे आजोबा म्हणाले, "मग आमचंही घ्या."

बंद ठेवण्याबद्दल मात्र कुरबुर चालूच होती. तेव्हा गार्डसाहेब उठले. "तुम्ही लोक बंद बंद काय करताय? हा ब्लॉक हे ब्लॉक. रेल्वेत रुळांचं काम निघालं की आम्ही ब्लॉक घेतो. तेवढ्या वेळात त्या लाइनवर गाडी नाय. कुणाची मुर्वत नाय, साहेबाची गाडी असली तरी नाय. पण काम झालं की लाइन परत मिळते. आणि गाडी रद्द नाय करायची, वळवायची. ही खालची वाट आहेच की. तिची डागडुजी करू." सायकलवाल्यांपैकी एकानं विचारलं, "आणि आम्ही?" अधिकारी मुलगी म्हणाली, टेकडीच्या मागच्या अंगाला बंद पडलेली दगडखाण आहे, तिथं विणीला कुणी नसतं, ती तुम्हाला मोकळी करून देते. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. खाणीत सायकलवरून उड्या मारायला मिळणार म्हटल्यावर त्यांना माथ्याची आठवणही राहिली नाही. माणसांना नाही म्हणताना शेजारी एक हो ठेवावा, हे मला दुकानात कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही माथा सोडला. खालच्या वाटेवरचे निवडुंग काढले, घसरड्या जागी दगड बसवले, आणि पाण्याच्या बाटल्या उतारावरच्या झाडांना घालू लागलो. जुलै सरल्यावर, भर पावसात माथ्यावरची झाडं काढली. मुळांना मातीसकट गोणपाट गुंडाळून, बांबूला बांधून खाली आणली. आमच्या कडुलिंबाचं मूळ खोल गेलं होतं, ते कापावं लागलं. कापताना मी पाठ करून उभी राहिले. चिखलातून घसरत, ओरडत, चार जणांनी तो खाली आणला तेव्हा गार्डसाहेब म्हणाले, "सावकाश रे, नवरी आहे का पोतं?" सगळे हसले. ड्रमाशेजारी खड्ड्यात तो उभा केला.

निम्म्याहून जास्त झाडं जगली. आमचं नाही जगलं. दसऱ्यापर्यंत पानं गळली, दिवाळीत फांदी मोडून पाहिली तर आत कोरडी होती. ज्या गृहस्थांना मी रोज बाटलीसाठी हटकायचे आणि जे रोज काही ना काही कारण सांगून सटकायचे, त्यांचा करंज शेजारीच तरारून उभा होता. मी त्या करंजाचा बरेच दिवस रागराग केला. मुलाला झाड खाली आणल्याचं सांगितलं होतं, वाळल्याचं सांगायचं धाडस झालं नाही. तो विचारायचा, पाणी घातलंस? मी विषय बदलायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये गार्डसाहेबांनी फाट्यावर आपल्या हातानं रंगवलेली पाटी लावली. "माथा बंद, खालची वाट चालू. ब्लॉक जुलैअखेर." शेजारी लाल झेंडी. सकाळी फाट्यावर कुणीतरी उभं राहायचं, अशा पाळ्या लावल्या. माझ्या पाळीला कुणी वाद घालत नाही असं म्हणतात. रील काढायला आलेलं एक जोडपं म्हणालं, "आंटी, फक्त दोन मिनिटं." मी म्हटलं, "दोन मिनिटांत कावळा जेवून जातो." त्यांना काही कळलं नाही, पण ते खालच्या वाटेनं गेले. पुढे मी त्यांना खडकावर उभं राहून धरणाच्या पाण्याचे फोटो काढताना पाहिलं आणि मलाच बरं वाटलं.

मे महिन्यात मुलगा आला, दोन दिवसांसाठी. पहिल्याच सकाळी बूट घालून तयार. पायथ्याशी ड्रमाजवळ थांबला, इकडे तिकडे पाहिलं. "कुठलं आपलं?" मी वाळक्या खोडाकडे हात केला. त्यानं नखानं साल खरवडून पाहिली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"नाही सांगवलं."

"बाबांचं झाड काढलंस तू, आई. कुठल्यातरी पक्ष्यासाठी." तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं. मग म्हणाला, "वर जाऊ या. ती जागा तरी बघू दे."

फाट्यावर त्या दिवशी कुणी नव्हतं. पाळी माझीच होती. लाल झेंडी मीच काल लावून गेले होते. मी म्हटलं, "वर नाही जाता येणार."

"कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"आई, पाच मिनिटं. मी उद्या जाणार आहे."

त्याला वर नेणं किती सोपं होतं. वाट मोकळी होती, सकाळ होती, मुलगा चार वर्षांत पहिल्यांदा वडिलांचं काहीतरी मागत होता. पण त्याच माथ्यावर त्या वेळी कुठंतरी मान जमिनीला टेकवून कुणीतरी बसलं असेल, आणि ते काही पळणार नव्हतं. मी म्हटलं, "नाही. तू माझा मुलगा आहेस म्हणून तर मुळीच नाही."

तो तडक खालच्या वाटेनं चालू लागला. मी मागून. वळणावर गेल्यावर त्याचा वेग कमी झाला. मी त्याला सगळं सांगितलं, कावळा, उचललेला पाय, बांबूला बांधलेलं झाड. बाबा तिथं का उभा राहायचा, तेही सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. परत फाट्यावर आलो तेव्हा त्यानं पाटी वाचली. "जुलैअखेर म्हणजे ऑगस्टला उघडतं?"

"हो."

त्यानं तिथंच फोन काढला आणि सुट्ट्या बघत बसला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्याला मीटिंग आठवली असती.

ऑगस्टमध्ये तो खरंच आला. अधिकारी मुलीनं आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं की माथ्यावरच्या धाविकांची पिल्लं त्या वर्षी उडाली, सगळी नाही, पण उडाली. आम्ही दोघं वर चढलो. बारीक पाऊस होता. माथ्यावर गुडघाभर गवत माजलं होतं, त्यात जांभळी-पिवळी फुलं. "कुठं होतं गं झाड?" त्यानं विचारलं. मी पुढे गेले, मागे आले, डावीकडे वळले. खड्डा बुजून गेला होता आणि गवत सगळीकडे सारखंच उगवलं होतं. जिथं मी तीन वर्षं पाणी घातलं, ती जागा मला सापडेना. मी वाकून हातानं गवत बाजूला करू लागले.

"राहू दे, आई," तो म्हणाला आणि होता तिथंच ओल्या गवतात बसला. मीही त्याच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "बाबा शेवटी शेवटी टेकडीचं काही म्हणायचे का?" मी सांगू लागले. मग तो सांगू लागला, मला ठाऊक नसलेलंही बरंच काही. दोघंही भिजून चिंब झालो, तरी उठायचं कुणाच्याच मनात येईना. नवरा गेल्यापासून आम्ही दोघं त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होतो.